दोन समुद्रांमधला माथा : शिरपूर-वाशीम परिसर आणि त्यावरून गेलेल्या वाटा

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले शिरपूर जैन हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेमागच्या पठारावर वसले आहे. वऱ्हाडात या पठाराला बालाघाट, म्हणजे घाटावरचा मुलूख म्हणतात. त्याच्या उत्तरेला पूर्णा नदीचे काळ्या जमिनीचे सपाट खोरे आहे, तो पायनघाट. दोन्ही मुलूख डोंगराच्या एका कडेने विभागले आहेत आणि ती कड पाण्याचीही वाटणी करते. वाशीमजवळच्या काटा गावाकडे उगवणारी काटेपूर्णा उत्तरेला वाहत पूर्णेला मिळते. पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. त्याच पठाराच्या दक्षिण आणि पूर्व उताराचे पाणी अडाण, अरुणावती या नद्यांनी पैनगंगेत येते. पुढे वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी अशी मजल करत ते बंगालच्या उपसागरात जाते. काही मैलांच्या अंतरात पडलेला एकच पाऊस असा दोन समुद्रांना वाटून जातो.

वाटांनीही हीच रचना पाळली. नर्मदेकडून गोदावरीकडे जाणारा माणूस सातपुड्यातील असीरगड-बुऱ्हाणपूरच्या खिंडीतून तापीच्या खोऱ्यात उतरतो, बाळापूर-पातूरच्या बाजूने घाट चढतो आणि मेडशी, मालेगाव, वाशीम, हिंगोली करत नांदेडला गोदावरीच्या काठी पोहोचतो. पश्चिम किनाऱ्याहून नागपूरकडे निघालेल्याला मेहकर, मालेगाव, कारंजा अशी आडवी वाट सापडते. या दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच टापूत शिरपूर आहे.

जगाच्या नकाशावर सुएझ, बोस्फोरस किंवा मलाक्का ही नावे मोक्याची म्हणून शिकवली जातात. तिथे भूगोलाने प्रवाशाला जवळचा दुसरा पर्याय ठेवलेला नाही, मोठा वळसा टाळायचा तर गलबताला त्याच चिंचोळ्या पाण्यातून जावे लागते. पठाराचे तसे नाही. पठारावरची वाट पन्नास-शंभर किलोमीटर इकडेतिकडे सरकू शकते आणि दोन हजार वर्षांत ती अनेकदा सरकली. वाट जवळ आली की या परिसरात राजधानी, पेठ उभी राहिली, आणि ती सरकली की हीच गावे आडबाजूची ठरली. २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत वाशीमचे नाव होते. एकेकाळच्या राजधानीचा जिल्हा या यादीत कसा आला, याचे उत्तर वाटांच्या सरकण्यात शोधावे लागते.

वत्सगुल्माचे दिवस

सुरुवातीच्या काळात दक्षिणेचा मुख्य राजमार्ग वाशीमच्या बराच पश्चिमेकडून जात होता. सुत्तनिपातात बावरी ब्राह्मणाच्या शिष्यांचा प्रवास आहे. ते गोदाकाठाहून पैठण, महिष्मती, उज्जैन, विदिशा या क्रमाने उत्तरेला जातात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक 'पेरिप्लस'मध्ये भडोच बंदरापासून पैठण दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे आजचे तेर, तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे लिहिले आहे. पैठणचे गोमेद आणि तेरचे कापड भडोचला येई आणि तिथून तांबड्या समुद्रामार्गे रोमन साम्राज्यात जाई. वाशीमचे पठार या साखळीच्या पूर्व कडेला होते. ते तिच्या बाहेर मात्र नव्हते. मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सातवाहनांच्या उत्तरकालीन अशा दीड हजारांवर नाण्यांचा साठा सापडला. अनेक राजांची नाणी एकाच ठिकाणी पुरलेली होती आणि त्यांत पुराणांच्या वंशावळीत न आढळणारी नावेही निघाली. एवढ्या राजांचे चलन एका जागी गोळा होते, तिथे देवघेव पिढ्यान्‌पिढ्या चाललेली असणार.

त्याच १९३९ सालाने वाशीमला आणखी एक पुरावा दिला. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. त्याच्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी तो वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशीमहून, दिला गेला. वंशावळीचा भाग संस्कृतात आणि व्यवहाराचा भाग प्राकृतात आहे. दान दिलेले गाव नांदीकट, म्हणजे नांदेड परिसराच्या उत्तर मार्गात आहे. या एका पत्र्याने दोन गोष्टी पक्क्या झाल्या. वाकाटकांची नंदिवर्धनच्या शाखेखेरीज दुसरी शाखा वत्सगुल्मावर राज्य करत होती, आणि तिचा अंमल घाट उतरून गोदावरीपर्यंत पोहोचला होता. पुढे वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे लेख एकत्र आणून या शाखेचा इतिहास मांडला.

शाखेचा संस्थापक सर्वसेन हा पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा. राज्य स्थापण्याबरोबर त्याने 'हरिविजय' हे प्राकृत काव्य लिहिले. काव्य आज उपलब्ध नाही, पण अलंकारशास्त्राच्या ग्रंथकारांनी त्याचा वारंवार उल्लेख केला आहे. राजशेखराने नवव्या-दहाव्या शतकात काव्यमीमांसेत वत्सगुल्माला विदर्भातील कामदेवाचे क्रीडास्थान म्हटले आणि वैदर्भी या काव्यरीतीला 'वच्छोमी' हे नाव प्रचारात राहिले. राजवट बुडाल्यावर चार शतकांनीही शहराचे नाव साहित्यात टिकून होते. राजधान्यांना असे भाग्य सहसा लाभत नाही.

या शाखेचा शेवटचा मोठा राजा हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवले आणि तिथे लेख ठेवला. हरिषेणाच्या प्रभावाखालच्या देशांची त्यातली नावे नकाशावर ठेवून पाहावीत : पश्चिमेला लाट आणि त्रिकूट, उत्तरेला अवंती, दक्षिणेला कुंतल, पूर्वेला कोसल, कलिंग आणि आंध्र. प्रशस्तीत अतिशयोक्ती असतेच. पण या यादीतले दोन समुद्र आणि त्यांच्यामधली वाशीमची जागा अतिशयोक्ती नाही. दक्षिण गुजरातच्या आणि कलिंगाच्या किनाऱ्यांवर एकाच वेळी लक्ष ठेवायचे असेल, तर राजधानी अशाच माथ्यावर हवी.

ज्योतिषशास्त्रातही हे नाव आले आहे. भारतीय ज्योतिषी लंका आणि मेरू यांना जोडणारी मध्यरेषा उज्जैनवरून काढत. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराने 'महाभास्करीय' ग्रंथात या रेषेवरच्या स्थळांमध्ये वत्सगुल्मही मोजले. प्रत्यक्षात वाशीम उज्जैनच्या रेखांशाहून सव्वा-दीड अंश पूर्वेला आहे, म्हणजे हिशेब थोडा चुकलेला आहे. पण उज्जैनहून सरळ दक्षिणेला जाताना कोणते शहर लागते, या प्रश्नाला त्या काळच्या शिकलेल्या माणसाने वाशीम हे उत्तर दिले, ही माहिती रेखांशाच्या चुकीपेक्षा मोलाची आहे.

तीर्थाची वाट

वाकाटकांनंतर राजधान्या दुसरीकडे गेल्या आणि वाशीमच्या पठारावरची वर्दळ मुख्यतः तीर्थयात्रेने आणि व्यापाराने टिकवली. दोन्ही एकाच माणसाची कामे होती, कारण जैन संघ यात्रेला निघे तेव्हा त्यात सावकार असत.

शिरपूरचा अंतरिक्ष पार्श्वनाथ हे या काळातले सर्वांत दूरवर गेलेले नाव. भूमीला न टेकता अधांतरी राहिलेली मूर्ती अशी तिची ख्याती आहे. एकेकाळी मूर्तीखालून घोडेस्वार जाई आणि आता फक्त वस्त्र सरकते, असे परंपरा सांगते. अचलपूरच्या एल राजाचा कुष्ठरोग इथल्या पाण्याने बरा झाला, ही दंतकथाही प्रसिद्ध आहे. दंतकथा बाजूला ठेवली तरी लेखी उल्लेख जुने आणि परप्रांतीय आहेत. तेराव्या शतकातील मदनकीर्ती या दिगंबर साधूच्या 'शासनचतुस्त्रिंशिके'त श्रीपूरचा पार्श्वनाथ येतो. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरी या श्वेतांबर आचार्यांनी 'विविधतीर्थकल्प' लिहिला, त्यात श्रीपूर-अंतरिक्ष-पार्श्वनाथावर स्वतंत्र कल्प आहे. जिनप्रभसूरींचा महंमद तुघलकाच्या दरबाराशी संबंध होता. दिल्लीची नजर देवगिरीकडे वळली, त्याच काळात दिल्लीच्या ओळखीच्या आचार्यांच्या तीर्थयादीत शिरपूर आले, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. गावातले पवळी मंदिर हेमाडपंती घडणीचे असून मध्ययुगातल्या त्या भरभराटीची साक्ष देते.

शिरपूरच्या पूर्वेला कारंजा लाड हे या परिसरातले खरे व्यापारी शहर. राजस्थानातून आलेल्या बघेरवाल जैनांनी ते मोठे केले. तिथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन भट्टारक परंपरांची मंदिरे शेजारी शेजारी नांदली. सतराव्या शतकात दक्षिणयात्रेला निघालेल्या शीलविजय या श्वेतांबर साधूने कारंजाच्या संघपतीच्या वैभवाचे वर्णन केले आहे. दत्तसंप्रदायातील नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थानही हेच. व्यापारात पैसा आला आणि त्यातला काही भाग ग्रंथभांडारांत साठला. विसाव्या शतकात हिरालाल जैन आणि प. ल. वैद्य यांनी कारंजाच्या भांडारातील अपभ्रंश हस्तलिखिते संपादित करून छापली, तेव्हा युरोपातील भाषाशास्त्रज्ञांनाही ती अभ्यासाला मिळाली.

शिरपूरच्या मालकीचा वाद हा या तीर्थाच्या कीर्तीचा दुसरा चेहरा आहे. दिगंबर आणि श्वेतांबर पक्षांनी १९०५ मध्ये पूजेच्या वेळा वाटून घेतल्या, त्या टिकल्या नाहीत. खटला नागपूरहून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९२९ मध्ये व्यवस्थापनाचा निकाल श्वेतांबर पक्षाच्या बाजूने लागला. वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यातील देवाच्या लेपाचा आणि कटिसूत्राचा (कमरेच्या दोऱ्याचा) प्रश्न थेम्सकाठी ऐकला गेला, हा वसाहतीच्या न्यायव्यवस्थेने निर्माण केलेला एक विलक्षण दुवा होता. वाद तिथेही मिटला नाही. १९८१ पासून मंदिर बंद राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२३ च्या आदेशानंतर ते पुन्हा उघडले.

लमाणांचे तांडे, लष्करांचे तळ

मोगलांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाड जिंकले. 'ऐन-ए-अकबरी'त बासीम, म्हणजे वाशीम, हे स्वतंत्र सरकार (महसुली विभाग) आहे आणि तिथल्या हटकरांना गर्विष्ठ, बंडखोर म्हटले आहे. वाटेवरच्या डोंगराळ मुलखातले लोक साम्राज्याला नेहमी बंडखोरच वाटतात.

इथून पुढे दोनशे वर्षे माल आणि सैन्य बैलांच्या पाठीवर चालले. मोठा वाहतूकदार होता बंजारा, म्हणजे लमाण. चारण बंजाऱ्यांच्या परंपरेनुसार शहाजहानच्या काळात आसफखानाच्या फौजेबरोबर भंगी आणि जंगी या नायकांचे १,८०,००० बैल दख्खनेत उतरले. आकडा परंपरेतला आहे, पण धान्य आणि मीठ वाहणाऱ्या तांड्यांशिवाय त्या काळातली एकही मोठी मोहीम चालली नाही, हे खरे आहे. तांडा लढणाऱ्या दोन्ही बाजूंना धान्य विकी आणि बहुतेक वेळा दोघेही त्याला सोडून देत. १८०३ मध्ये वेलस्लीने असई आणि अडगाव जिंकले, तेव्हा त्याच्याही फौजेचा दाणापुरवठा बंजाऱ्यांवर अवलंबून होता. रेल्वे आल्यावर हा धंदा बुडाला आणि तांडे शेताच्या कडेला स्थिरावले. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान आज देशभरच्या बंजारा समाजाची काशी आहे. वाहतुकीच्या इतिहासाचा एवढा जिवंत अवशेष पठारावर दुसरा नाही.

कारंजाची श्रीमंती १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या नजरेतून सुटली नाही. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर काही आठवड्यांतच मराठी फौज वऱ्हाडात शिरली आणि कारंजातून उंची कापड, सोने, चांदी अशी लूट ४,००० बैल-गाढवांवर लादून नेली. जदुनाथ सरकारांनी ती सुमारे एक कोटीची सांगितली आहे. गावचे श्रीमंत पकडले गेले, सर्वांत बडा सावकार तेवढा बाईच्या वेशात निसटला. सुरत आणि कारंजा ही दोन नावे एकाच मोहिमेत लागोपाठ यावीत, याला कारण होते. सुरत हे समुद्रावरचे दार होते आणि कारंजा हे त्या दाराकडे जाणाऱ्या मालाच्या कोठारांपैकी एक होते.

अठराव्या शतकात वऱ्हाड निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दुअंमलात आले. वाशीमचे कापड तोवर नावाजलेले होते. १७६९ च्या कनकापूरच्या तहात पेशव्याने जानोजी भोसल्यांकडून दरसाल पाच हजार रुपयांचे वाशीम-बाळापूरचे कापड घेण्याची अट घातली. साबाजी भोसल्यांचा दिवाण भवानी काळू याने वाशीमचे बालाजी मंदिर बांधले, तेही याच काळात. वाशीम ही पेठ म्हणून भरभराटीत होती, असे म्हणण्यासाठी या दोन गोष्टी पुरेशा आहेत.

लँकेशायरचा कापूस

वाशीमचे पठार दुसऱ्या खंडांशी खऱ्या अर्थाने बांधले गेले ते पऱ्हाटीने. पण त्या गाठीत फायदा आणि फास दोन्ही होते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडचा कापूस बैलांवरून उत्तरेला, गंगेवरच्या मिर्झापूरला जाई. शेकडो मैलांचा हा प्रवास होता. पश्चिमेची वाट पारशी व्यापाऱ्यांनी उघडली. पेस्तनजी आणि विकाजी या पेढीने १८२५-२६ मध्ये पाचशे बैलांवर कापूस लादून मुंबईला पाठवला आणि पुढे वऱ्हाडात गाठी बांधण्याचे दाब उभारले. तेव्हापासून वऱ्हाडचे तोंड गंगेऐवजी मुंबईकडे वळले.

१८५३ मध्ये दोन घटना घडल्या. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवले, आणि मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. वऱ्हाड मिळवताना इंग्रजांच्या डोळ्यांपुढे कापूस होता, हे त्या काळच्या कागदपत्रांतून आणि नंतरच्या धोरणातून लपत नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेकडील संस्थानांची बंदरे बंद पडली आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहिल्या. भारतीय कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. जी. आय. पी. रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला आणि त्या प्रसंगी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता, मुंबईहून समुद्राखालची तार पुढच्याच वर्षी इंग्लंडला जोडली गेली. सरकारने मध्य प्रांत-वऱ्हाडसाठी रिव्हेट-कार्नॅक हा खास कॉटन कमिशनर नेमला. लिव्हरपूलच्या बाजारात 'उमरा' नावाची कापसाची जात ठरली. ते अमरावतीचे, म्हणजे उमरावतीचे, इंग्रजी व्यापाऱ्यांच्या तोंडी बसलेले रूप.

या साऱ्यात बालाघाटाला काय मिळाले? रेल्वेने सपाट पायनघाट निवडला. वाशीम गाव अकोल्यापासून ऐंशी किलोमीटरवर, मध्ये पातूर-मेडशीचा घाट. घाटावरचा कापूस गाड्या भरून खाली जाऊ लागला. गाठ बांधणे, सौदा करणे, विमा, दलाली हे सगळे अकोला, खामगाव, मूर्तिजापूरला गेले. राली ब्रदर्स आणि स्विस फोल्कार्ट कंपनीच्या आडती पायनघाटातच बसल्या. पूर्वी कारंजात माल उतरे, बदले आणि पुन्हा लादला जाई, म्हणून कारंजात पैसा होता. आता माल उतरायची जागाच खाली गेली. १८९३ मध्ये जपानच्या निप्पॉन युसेन कैशाने टाटांबरोबर मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू केली आणि भारतीय कापसाला दुसरे गिऱ्हाईक मिळाले. पण घाटावरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने लँकेशायर जाऊन ओसाका आले एवढाच फरक. दर ठरवणारा दोन्ही वेळा दूरच होता.

कापसाच्या मागे धान्य मागे पडले. १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ वऱ्हाडला फार जड गेला. रेल्वेमुळे धान्य आणता येत होते हे खरे, पण ते विकत घ्यायला पैसा लागतो आणि कापूस बुडालेल्या शेतकऱ्याकडे, मजुराकडे तो नव्हता. वाहतूक वाढली म्हणजे दुष्काळ टळतो, हा त्या काळातला सरकारी विश्वास वऱ्हाडने खोटा ठरवला. पाच वर्षांनी, १९०५ मध्ये, बासीम जिल्हाच मोडून शेजारच्या जिल्ह्यांत वाटण्यात आला. तो परत मिळायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला.

कारंजाला उशिरा का होईना रेल्वे मिळाली. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी अडीच फुटी रुंदीची ही लाइन विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत झाली. लोक तिला शकुंतला म्हणतात. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी ही तिची मालक आणि किलिक निक्सन व्यवस्थापक. कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जाई आणि मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन कारंजाच्या रुळांवर १९९४ पर्यंत धावे. रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तरी ही लाइन खाजगी मालकीतच राहिली. आता ती बंद आहे आणि रुंदीकरणाची मागणी दर निवडणुकीत होते.

रूळ, महामार्ग आणि सोयाबीन

वाशीमला स्वतःची रेल्वे मिळाली ती स्वातंत्र्यानंतर. निजामाच्या रेल्वेने १९१२ मध्ये पूर्णा-हिंगोली मीटरगेज टाकली होती. ती पुढे वाशीम, अकोला, अकोट करत सातपुड्यातून खंडव्यापर्यंत नेण्याचे काम १९६० च्या सुमारास पूर्ण झाले. या जोडणीचे महत्त्व स्थानिक लोकांना जितके वाटते त्याहून मोठे होते. उत्तर आणि दक्षिण भारतातील मीटरगेजची दोन वेगळी जाळी यामुळे एकत्र आली. काचीगुड्याहून निघालेली मीनाक्षी एक्स्प्रेस वाशीम, अकोला, खंडवा, रतलाम, अजमेर करत जयपूरला जाऊ लागली. वत्सगुल्म ते उज्जैन ही भास्कराची जुनी रेषा जवळपास रुळांवर आली. मेळघाटातील धूळघाटचा वळसा, जिथे रूळ स्वतःच्याच डोक्यावरून जातात, रेल्वेप्रेमींमध्ये आजही प्रसिद्ध आहे.

रुंदीकरणाने ही वाट पुन्हा तोडली. अकोला-पूर्णा भाग ब्रॉडगेज झाला, पुढे अकोटपर्यंत काम झाले, पण अकोट ते खंडवा बाजूचा मीटरगेज २०१७ च्या आरंभी थांबला. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून रुंद रूळ नेण्यास पर्यावरणवाद्यांचा विरोध होता आणि तो रास्त होता. प्रकल्पाबाहेरून, जळगाव जामोद-संग्रामपूरच्या बाजूने, वळसा घेण्याचा पर्याय पुढे आला. वाशीमवरून दक्षिणेला गाडी जाते, उत्तरेला सरळ जात नाही.

रस्त्यांची स्थिती त्याहून चांगली आहे. अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग १६१ म्हणून पुढे तेलंगणात जातो. आडव्या वाटेवर समृद्धी महामार्ग आला : नागपूर ते मुंबई, ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. वाशीम जिल्ह्यात कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव येथे त्यावर चढ-उतार करता येते. मालेगावचा हा फाटा शिरपूरला सर्वांत सोयीचा. नागपूरचा माल न्हावाशेवा बंदराला लवकर पोहोचावा हा या रस्त्याचा एक मुख्य हेतू. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत भारत-मध्यपूर्व-युरोप मार्गिकेची घोषणा झाली. तिचे भारताकडचे टोक पश्चिम किनाऱ्याची बंदरे आहेत. कागदावर पाहिले तर मालेगावच्या फाट्यापासून युरोपपर्यंतची साखळी आखली गेली आहे. तिच्यातल्या अनेक कड्या अजून कागदावरच आहेत, हे खरे.

महामार्गावर मात्र तोच जुना प्रश्न उभा राहतो. नियंत्रित प्रवेशाच्या रस्त्यावर गाडी थांबत नाही. जुन्या नागपूर-औरंगाबाद रस्त्यावरच्या गावांत ट्रकचालक जेवत, टायर बदलत, माल उतरवत. तो धंदा समृद्धीने बराचसा काढून घेतला. मूळ आराखड्यात फाट्यांजवळ कृषी समृद्धी नवनगरे ठरलेली होती, गोदामे आणि प्रक्रिया उद्योग तिथे यायचे होते. रस्ता पूर्ण झाला, नवनगरांचे काम त्या वेगाने झाले नाही. माल उतरवण्याची जागा पठारावर न राहिल्याने १८६७ मध्ये काय झाले, हे वर आलेच आहे.

परदेशाशी असलेला दुवा आता मुख्यतः सोयाबीनचा आहे. कापसाची जागा या मूळच्या चिनी पिकाने घेतली. वाशीम, रिसोड, मालेगाव, कारंजा या बाजार समित्यांच्या आवारात सकाळी निघणारा भाव शिकागोचा वायदा, अर्जेंटिनाचे पीक, इंडोनेशिया-मलेशियाचे पामतेल आणि दिल्लीने ठरवलेले आयातशुल्क यांच्यावर हलतो. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारभाव बराच काळ त्याच्याखाली राहिला. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे शुल्क वाढवले, मे २०२५ मध्ये पुन्हा उतरवले. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि युरोपकडची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा भारतीय निर्यातदारांचे जहाजभाडे वाढले. पेरिप्लसमधला तोच समुद्र आणि वाशीमच्या मालाचा तोच मार्ग. अलीकडे जिल्ह्यातील काही शेतकऱ्यांनी मध्य अमेरिकेतले चिया हे पीक धरले आहे आणि वाशीमच्या बाजारात त्याचे सौदे होतात. क्षेत्र लहान आहे, पण दूरच्या खंडातले पीक पेरून ते जवळच्या आवारात विकता येते, हे इथे बऱ्याच काळानंतर घडत आहे.

या परिसराची निकड आणखी एका रस्त्याची नाही. रस्ते पुरेसे आहेत. गरज आहे ती मालेगाव, शेलूबाजार आणि कारंजाच्या फाट्यांवर गोदामे, तेलगाळप, सरकी-रुईची प्रक्रिया आणि निर्यातीची कागदपत्रे तिथल्या तिथे पूर्ण करण्याची सोय यांची, आणि अकोट-खंडवा हा तुटलेला तुकडा मेळघाटाबाहेरून जोडण्याची. तो जोडला जाईपर्यंत वाशीमहून उज्जैनकडे जाणाऱ्या प्रवाशाला गाडी बदलावी लागेल किंवा वळसा घ्यावा लागेल.